फळी कलते, चाकं वळतात

ट्रक म्हटलं की आपल्या धुळे-जळगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर केळी भरलेला, मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला दहा चाकी उभा राहतो. या लेखातला ट्रक मात्र हातात मावतो. स्केटबोर्डच्या फळीखाली पुढे एक आणि मागे एक असे दोन धातूचे सांगाडे असतात, त्यांच्यात चाकांचे आस बसवलेले असतात. त्या प्रत्येक सांगाड्याला ट्रक म्हणतात. नावाला हसू नका. आपण सरसकट रेल्वेच्या डब्याला बोगी म्हणतो, पण भुसावळच्या यार्डात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. त्या बोगीला अमेरिकेत ट्रक म्हणतात. स्केटबोर्डचा ट्रक त्याच अर्थाचा.

आता तुम्ही म्हणाल, खान्देशात स्केटबोर्ड कुठून आलं? आलंय. टोकियो ऑलिंपिकमध्ये (नावाला २०२०, प्रत्यक्षात २०२१) हा खेळ पहिल्यांदा आला. २०२२ साली गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने त्यात सुवर्णपदक मिळवलं. मग आपल्याकडचीही पोरं ऑनलाइन बोर्ड मागवू लागली. स्केटपार्क नाही, कोच नाही, दुरुस्तीचं दुकान नाही. म्हणजे बोर्डचं सेटिंग ज्याचं त्यानेच करायचं. आणि नेमकं तिथे बहुतेक जण एकच गोष्ट करतात, पाना घेऊन नट आवळतात. बोर्ड उतारावर थरथरलं की आवळ नट, वळत नाही म्हणून सैल कर नट. बोर्ड किती वळणार हे ज्या कोनावर ठरतं, त्याला नट हातही लावत नाही. हा लेख त्या कोनाबद्दल आहे.

स्केटबोर्डला हँडल नाही, स्टिअरिंग नाही. मग ते वळतं कसं?

घराचं दार पाहा. बिजागरीचा आस उभा, म्हणजे जमिनीशी ९० अंश. दार ढकललं की ते फक्त वळतं, झुकत नाही. आता पेटीचं झाकण पाहा. बिजागरी आडवी, शून्य अंश. झाकण फक्त वर-खाली होतं, वळत नाही. समजा हीच बिजागरी कुणी तिरकी बसवली. मग ती वस्तू झुकताना वळेल आणि वळताना झुकेल, एकाशिवाय दुसरं होणारच नाही. स्केटबोर्डचा ट्रक म्हणजे अशी तिरकी बसवलेली बिजागरी. चाकं जमिनीला टेकलेली, ती कलू शकत नाहीत. तुम्ही पायाने फळी उजवीकडे कलवली की तिरक्या आसामुळे चाकांच्या दांड्याला वळण्यावाचून गत्यंतर नसतं. पुढच्या ट्रकचा आस वर जाताना पुढे झुकलेला असतो, मागच्याचा आरशातल्यासारखा उलटा, वर जाताना मागे. त्यामुळे पुढची चाकं कलाच्या बाजूला वळतात, मागची विरुद्ध बाजूला, आणि दोघं मिळून फळीला एकाच वळणावर नेतात.

लहानपणी आपण सगळ्यांनी बेअरिंगची गाडी केलेली असते. मोनोब्लॉक पंपाच्या मोटारीतली जुनी बेअरिंगं, एक फळी, पुढे आडवा दांडा आणि त्याला मधोमध एक बोल्ट. तो बोल्ट उभा, ९० अंश, म्हणून ती गाडी दोरीने किंवा पायाने ओढून वळवावी लागते, अंग झुकवून वळत नाही. त्याच बोल्टला तिरकं केलं असतं तर खान्देशातल्या गल्लोगल्ली स्केटबोर्ड झाले असते!

ही तिरक्या आसाची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ साली चार चाकांच्या स्केटचं पेटंट घेतलं. त्याआधीचे रोलर स्केट सरळ जात, वळायला नको म्हणत. प्लिम्प्टनने चाकांचे दांडे तिरक्या आसावर बसवले आणि मध्ये रबराची उशी घातली, की माणूस झुकला की स्केट वळावा आणि सरळ झाला की रबराने त्याला परत सरळ करावं. आजच्या ट्रकमध्येही हेच भाग आहेत, फक्त रबराच्या जागी पॉलियुरेथेनची बुशिंग आली. फळीला बोल्टने जखडलेला भाग बेसप्लेट, चाकांचा आस धरणारा भाग हँगर, दोघांना जोडणारा जाड बोल्ट किंगपिन. हँगरचं एक टोक बेसप्लेटमधल्या छोट्या वाटीत टेकतं, त्याला पिव्हट म्हणतात. पिव्हटच्या टोकापासून हँगरमधल्या बुशिंगच्या बैठकीच्या मध्यापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढा. ती रेघ म्हणजे आपली बिजागरी. ती जमिनीशी जो कोन करते, तो आपला कोन.

थोडं गणित. घाबरू नका, अकरावीच्या त्रिकोणमितीत भागतं. फळीचा कल, आसाचा कोन आणि चाकांचं वळण यांचं नातं असं :

टॅन(वळण) = टॅन(आसाचा कोन) × साइन(कल)

आसाचा कोन ४५ असेल तर त्याचा टॅन १, म्हणजे फळी जेवढी कलेल जवळजवळ तेवढीच चाकं वळतील. कोन ५० असेल तर टॅन १.१९, चाकं कलापेक्षा जास्त वळतात. ३५ ला ०.७०, २० ला फक्त ०.३६. बाजारात मिळणाऱ्या लाँगबोर्डच्या ट्रकवर हे आकडे छापलेले असतात. रँडल कंपनीने ५० आणि ३५ च्या बेसप्लेट काढल्या, कॅलिबरच्या ५० आणि ४४, पॅरिसच्या ५० आणि ४३. ५० आणि ४४ मध्ये सहाच अंशांचा फरक दिसतो, पण टॅनमध्ये तो १.१९ विरुद्ध ०.९७ असा आहे. एकाच कलाला सुमारे वीस टक्के कमी वळण. पायाला तो फरक लगेच कळतो.

आणि पुढे-मागे मिळून बोर्ड किती मोठा गोल घेईल, तेही एका ओळीत निघतं. दोन्ही ट्रकच्या आसांमधलं अंतर (व्हीलबेस) घ्या. दोन्ही कोनांच्या टॅनची बेरीज करून तिला कलाच्या साइनने गुणा, आणि त्याने व्हीलबेसला भागा. ६० सेंटिमीटरच्या व्हीलबेसवर दोन्ही ट्रक ४५ चे असतील, तर १० अंश कलवल्यावर वळणाची त्रिज्या १७३ सेंटिमीटर येते. दोन्ही ५० चे केले तर १४५. दोन्ही ३५ चे केले तर २४७. नट कितीही आवळा, हे आकडे बदलत नाहीत. नट आवळल्याने बुशिंग दाबली जाते आणि फळी कलवायला जास्त जोर लागतो, एवढंच. कल झाला की वळण ठरलेलंच.

ॲडजस्टेबल ट्रकमध्ये हाच कोन तुमच्या हातात देतात. काहींत बेसप्लेटचे दोन भाग असतात, एक फळीला पक्का, दुसरा एका बोल्टभोवती फिरवून पाहिजे त्या खाचेत आवळायचा. काहींत कोन बदलण्यासाठी वेगवेगळ्या पाचरी मिळतात. साध्या ट्रकलाही फळी आणि बेसप्लेटच्या मध्ये पाचर घालून ॲडजस्टेबल करता येतं. पाचरीची जाड बाजू बोर्डच्या मध्याकडे ठेवली तर कोन वाढतो, बाहेरच्या टोकाकडे ठेवली तर कमी होतो. इथे अर्धे लोक उलटं लावतात, म्हणून लावायच्या आधी एकदा डोळे मिटून ती बिजागरी डोळ्यांसमोर आणा.

पण ॲडजस्ट करण्याआधी आत्ता किती आहे हे कळलं पाहिजे, आणि खरी गंमत तिथेच आहे. माझ्या धुळ्याच्या मावसभावाने, वय सोळा, वजन ५२ किलो, मागच्या वर्षी एक बोर्ड मागवलं. खोक्यावर लिहिलेलं, ट्रक ५० अंश. देवपूरमधल्या एका कॉलनीतल्या उतारावरून तो ते सोडायचा आणि अर्ध्यावर आलं की बोर्ड सापासारखं डावं-उजवं करायला लागायचं. दोनदा कोपर सोलून घेतलं. मावशीने बोर्ड माळ्यावर टाकायची धमकी दिली. तो फोनवर म्हणाला, "ताई, तू मेकॅनिकलची ना, मग सांग ना काय झालंय." दिवाळीच्या सुट्टीत मी जळगावहून धुळ्याला गेले, ते सोबत एक मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन. (ओळंबा हा शब्द मला आमच्या घराचं बांधकाम चालू असताना कळला. तोपर्यंत माझ्यासाठी तो प्लंब बॉब होता, कॉन्व्हेंटची कृपा.)

कोनमापक लावून हा कोन मोजता येत नाही, कारण तो आस दिसतच नाही. दोन बिंदूंमधली ती काल्पनिक रेघ आहे, एक बिंदू वाटीत लपलेला, दुसरा बुशिंगच्या पोटात. लोक किंगपिनचा कोन मोजतात आणि तोच आसाचा समजतात. काही ट्रकमध्ये किंगपिन आसाला काटकोनात असतो, तिथे चालून जातं. बऱ्याच साध्या ट्रकमध्ये तो तसा नसतो.

मग करायचं काय? याचं उत्तर आपल्या धुळ्याच्या हायवेवर आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याला भेटतात, त्यामुळे गाड्यांची अलाइनमेंट करणारी दुकानं तिथे भरपूर. गाडीच्या पुढच्या चाकाचा कॅस्टर कोनही असाच अदृश्य आसाचा असतो. अलाइनमेंटवाला तो थेट मोजत नाही. तो चाक फिरत्या तबकडीवर ठेवतो, डावीकडे २० अंश वळवतो, उजवीकडे २० अंश वळवतो, आणि चाकाचा कल किती बदलला त्यावरून कॅस्टर काढतो. म्हणजे आस दिसत नसेल तर त्याच्याभोवती वस्तू कशी फिरते ते पाहायचं. मला ही युक्ती भारी आवडली. आमच्या मेट्रॉलॉजीच्या लॅबमधला साइन बार आणि स्लिप गेज वापरले तर कोन मिनिटांपर्यंत मोजता येतो, पण रबरासारखी बुशिंग असलेल्या वस्तूला मिनिटांपर्यंत मोजणं म्हणजे बैलगाडीला मायक्रोमीटर लावणं.

स्केटबोर्डसाठी ही युक्ती आणखी सोपी होते. दाराचा कुठलाही कोपरा बिजागरीच्या दिशेने कधीच सरकत नाही, तो नेहमी बिजागरीला काटकोनात असलेल्या प्रतलातच फिरतो. ट्रकचंही तसंच. त्यामुळे हँगरवरचा कुठलाही बिंदू घ्या, तो फळीच्या लांबीच्या दिशेने जेवढा सरकतो भागिले जेवढा वर-खाली होतो, हे गुणोत्तर म्हणजे थेट आसाच्या कोनाचा टॅन. कल किती दिला, हे मोजायचीही गरज नाही!

आम्ही केलं ते असं. बोर्ड उलटं करून टेबलाच्या कडेला दोन सी-क्लॅम्पने पक्कं केलं, चाकं आकाशाकडे. ज्या भागावर ट्रक बसतो तो भाग लेव्हल लावून सपाट केला, खाली वर्तमानपत्राच्या घड्या घालून. चाकं काढली आणि एक मीटरची पट्टी हँगरला समांतर, मध्य जुळवून, घट्ट बांधली. किंगपिनचा नट थोडा सैल केला, म्हणजे हाताने हँगर फिरेल, पण बुशिंग जागेवर राहील. पट्टीच्या एका टोकाला ओळंबा सोडला. जमिनीवर कागद चिकटवला. मग पट्टी एका बाजूला कलवून धरली, ओळंब्याखाली खूण केली आणि टोकाची जमिनीपासूनची उंची टेपने घेतली. नंतर तेवढीच दुसऱ्या बाजूला कलवून पुन्हा खूण, पुन्हा उंची. दोन खुणांमधलं अंतर, फळीच्या लांबीच्या दिशेने, १४.८ सेंटिमीटर. उंचीतला फरक १४.६. भागाकार १.०१, कोन ४५ अंश आणि थोडासा. पाच वेळा केलं, दरवेळी साडेचव्वेचाळीस ते साडेपंचेचाळीसच्या मध्ये. मागच्या ट्रकलाही तेच. या पद्धतीत दोन मिलिमीटर चुकले तरी उत्तर अर्ध्या अंशाच्या आतच फिरतं, कारण पट्टी लांब आहे. पट्टी जेवढी लांब तेवढी चूक लहान. हे मात्र मी सगळ्यांना सांगते, की सहा इंचाची पट्टी घेऊन बसू नका.

म्हणजे खोक्यावर ५०, प्रत्यक्षात ४५. मावसभाऊ खूश झाला, "म्हणजे कमीच आहे ना ताई, मग थरथरतं कशाला?" मावसआजोबा खुर्चीवरून हे सगळं पाहत होते, त्यांनी शांतपणे विचारलं, "हाई काय शे भो?" त्यांना समजावताना मला स्वतःलाच पुढची पायरी सुचली. आम्ही कोन मोजला होता तो बेसप्लेटशी. बोर्ड चालतं ते जमिनीवर, आणि तेही अंगावर माणूस घेऊन.

बोर्ड सुलट करून फरशीवर ठेवलं. आधी फोनमधलं अंश दाखवणारं ॲप फरशीवरच ठेवून शून्य केलं (फोनच्या कॅमेऱ्याचा उंचवटा फरशीला टेकू देऊ नका, नाहीतर तिथेच एक अंश जातो). मग फोन फळीवर, पुढच्या ट्रकच्या बरोबर वर ठेवला. रिकाम्या बोर्डवर शून्य. मावसभाऊ उभा राहिला तर तीन अंश! फळी लवचिक होती, मध्ये दबली आणि तिची दोन्ही टोकं वर उचलली गेली. टोक वर उचललं की त्याला बांधलेली तिरकी बिजागरीही तेवढीच आणखी उभी होते. म्हणजे पुढे ४८, मागेही ४८. हौस म्हणून मावशीचे दीर उभे राहिले, ते अंगाने भरलेले, तर पाच अंश. त्यांच्यासाठी तेच बोर्ड ५० अंशांचं होतं. बघा, खोक्यावर ५०, ट्रकमध्ये ४५, पोरासाठी ४८, काकांसाठी ५०. यातला कुठला आकडा खरा? वळणाच्या गणितात तोच घालायचा, जो चालवणारा उभा असताना जमिनीशी मोजलेला आहे. ट्रक विकणारा तो छापूच शकत नाही, कारण त्याला तुमची फळी आणि तुमचं वजन माहीत नसतं.

४८-४८ ला दहा अंश कलाची त्रिज्या येते १५६ सेंटिमीटर. आरामात वळणारं, गल्लीत मजा देणारं बोर्ड. पण उतारावर?

थरथरीचं कारण सांगायला मला मागच्या चाकांकडे जावं लागेल. गव्हाच्या हंगामात पंजाबकडून हार्वेस्टर आपल्याकडे येतात, ते तुम्ही रस्त्यावर पाहिले असतील. त्यांची मागची चाकं वळतात. शेतात जागच्या जागी वळायला ते छान, पण मोकळ्या रस्त्यावरही ड्रायव्हर ते जपून चालवतो, कारण वेगात मागून वळणारं वाहन थोडक्याने हातचं जातं. स्केटबोर्डला पुढेही स्टिअरिंग, मागेही स्टिअरिंग. दोन्हीकडे सारखाच कोन दिला तर वळणाचं अर्धं काम मागचा ट्रक करतो. वेग वाढला की फळीचा छोटासा कलही तुम्हाला लगेच बाजूला नेतो. तुम्ही तो सावरायला उलटं झुकता, पण शरीराला तेवढं करायला क्षणभर वेळ लागतो, आणि तोवर बोर्ड पुढच्या बाजूला गेलेलं असतं. मग उलट सावरणं, पुन्हा उशीर. हीच ती थरथर. १९७९ साली मॉन्ट हबर्ड यांनी स्केटबोर्डच्या स्थैर्याचं गणित मांडलं होतं. २०१६ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी त्या प्रकारच्या गणितात माणसाच्या प्रतिक्रियेतला हा उशीरही घेतला. थरथर म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे मी मावसभावाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

उतारावर जाणारे लोक म्हणून पुढे मोठा कोन आणि मागे लहान कोन ठेवतात, काही जण तर ५० आणि २०. त्याचं गणित करून पाहा. त्रिज्या २२२ सेंटिमीटर, दोन्हीकडे ३५ ठेवल्यावर मिळणाऱ्या २४७ पेक्षा कमीच, म्हणजे वळतं चांगलं. पण वळणाचा मध्य कुठे येतो? ३५-३५ ला तो बोर्डच्या बरोबर मधोमध, दोन्ही आसांपासून ३० सेंटिमीटरवर. ५०-२० ला तो मागच्या आसाच्या जेमतेम १४ सेंटिमीटर पुढे. म्हणजे पुढचा ट्रक वळवतो आणि मागचा निमूटपणे मागोमाग येतो, सायकलच्या मागच्या चाकासारखा.

आम्ही एवढ्या टोकाला गेलो नाही. मागच्या ट्रकखाली १५ अंशांची पाचर घालायची ठरवली, जाड बाजू बाहेर. ४८ चे ३३ होतील. बेसप्लेट दहा सेंटिमीटर लांब, म्हणजे पाचरीच्या दोन टोकांच्या जाडीत जवळजवळ २७ मिलिमीटरचा फरक लागतो. बारीक टोक ४ मिलिमीटर ठेवलं. नायलॉनच्या ठोकळ्यातून वर्कशॉपमध्ये कापून घेतली. लाकूड चालेल, पण बोल्ट आवळताना भोकांपाशी चिरतं.

इथे दोन गोष्टी पुस्तकात नसतात. पहिली, बोल्टची. १५ अंशांची पाचर आल्यावर बोल्ट फळीला काटकोनात बसतो पण बेसप्लेटला तिरका, नट एकाच कडेवर टेकतो आणि आवळला की वाकतो. चार-पाच अंशांपर्यंत कुणी लक्ष देत नाही. त्यापुढे तिरक्या वॉशर हव्यातच. पत्र्याची शेड बांधणारे लोक चॅनेलच्या तिरक्या पाकळीवर बोल्ट बसवायला टेपर वॉशर वापरतात, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. त्या घासून बसवल्या. दुसरी, उंचीची. मागे सरासरी १७ मिलिमीटर उंची वाढली. पुढे तशीच ठेवली असती तर ६० सेंटिमीटरच्या व्हीलबेसवर अख्खी फळी पुढे दीड अंशापेक्षा जास्त झुकली असती. मग पुढचा कोन तेवढा कमी आणि मागचा तेवढाच जास्त, म्हणजे आपण केलेल्या कामातले जवळपास सव्वातीन अंश वाया. म्हणून पुढे १७ मिलिमीटरची सपाट चकती घातली आणि माणूस उभा करून पुन्हा मोजलं. पुढे ४८, मागे ३३ आणि थोडं.

गणिताने त्रिज्या आता १९६ सेंटिमीटर. ती तपासायला फळीच्या एका कडेला वाळूची पिशवी बांधली, फोनवर दहा अंश कल येईपर्यंत ती सरकवली, चाकं ओली केली आणि गच्चीवर बोर्डला हलकेच ढकललं. ओल्या चाकांच्या रेघा कोरड्या कोब्यावर उमटतात. आतली आणि बाहेरची रेघ मोजून मध्य काढला, तर १.९ ते २.१ मीटर. वाळूच्या पिशवीने फळी माणसाएवढी दबत नाही, त्यामुळे थोडं जास्त येणारच.

मग उतार. हेल्मेट, कोपर-गुडघ्याचे पॅड, दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा, या तीन अटींवर मावशीने परवानगी दिली. आधी उताराच्या पाव भागातून, मग अर्ध्यातून. पूर्वी जिथे बोर्ड थरथरायला लागायचं तिथून ते सरळ गेलं. त्याहून वरून सोडायला मी नाही म्हणाले आणि अजूनही म्हणते. लळिंगच्या घाटात हायवेवर बोर्ड घालायची स्वप्नं पाहणाऱ्या पोरांना माझा वेगळाच सल्ला आहे, पण तो संपादक छापणार नाहीत.

एक गोष्ट उन्हाळ्यात तपासायची राहिली आहे. पॉलियुरेथेन उष्णतेने मऊ पडतं. नोव्हेंबरच्या सकाळी नीट वाटणारी बुशिंग मे महिन्यातल्या आपल्या पंचेचाळीस डिग्रीत लिबलिबीत होऊ शकते. तेव्हा आसाचा कोन बदलणार नाही, पण तेवढ्याच जोराने फळी जास्त कलेल. नट आवळायची किंवा एक नंबर कडक बुशिंग टाकायची खरी वेळ ती. आम्ही बोर्डच्या पोटावर मार्करने लिहून ठेवलंय : पुढे ४८, मागे ३३, वजन ५२ किलो, आणि तारीख. पोरगं वाढीच्या वयातलं आहे, साठ किलोचं झालं की पुन्हा फोन ठेवून मोजायचं.